बाभूळ आणि मूग एकाच कुळातले

कर्जत, जामखेड, पाथर्डी, श्रीगोंदा हा आमच्या नगर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा कोरडा पट्टा. इथे बांधावर बाभूळ आणि हिवर, पडीक माळावर तरवड, ओढ्याकाठी करंज, वावरात तूर, मटकी आणि हुलगा, घराशेजारी चिंच. यातलं एकही नाव मी सोयीनं निवडलेलं नाही. एस.टी.च्या खिडकीतून जे दिसतं ते क्रमानं लिहिलं, एवढंच. ही सगळी झाडं-झुडपं, वेली आणि पिकं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकाच कुळातली आहेत. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण माळावरची वस्ती आहे तीच आहे.

या कुळाला मराठी विश्वकोशात ‘शिंबावंत कुल’ म्हटलंय. शास्त्रीय पुस्तकांत ‘फॅबेसी’ किंवा जुनं ‘लेग्युमिनोजी’, आणि दोन्ही नावं आजही नियमाला धरून आहेत. मी त्याला शेंगकुळ म्हणते. पाथर्डी तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत असताना हाच शब्द वापरायचे, कारण ‘फॅबेसी’ म्हटलं की मुलं वही उघडून पुष्पसूत्र पाठ करायला लागत. दहा पुंकेसर, नऊ जोडलेले आणि एक सुटा, असं धडाधडा म्हणून दाखवत. त्यांच्याच घरची तूर दारात फुललेली असे, पण तिचं फूल उघडून कुणी पाहिलेलं नसे.

एकदा घरीही मी हा विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, “काय गं, बाभळीखाली ज्वारीचं ताट धड वाढत नाही, अन् तू म्हणतीस मूग तिच्या नात्यातला?” प्रश्न बरोबर होता. एक काट्यांचं झाड, दुसरं गुडघ्याइतकं रोप. पानं निराळी, फुलं तर इतकी निराळी की एका कुळात बसवणाऱ्याची शंका यावी. मग नातं कशावरून ठरवलं?

फळावरून. वाटाण्याची हिरवी शेंग घ्या आणि पाठीच्या शिवणीवर अंगठा दाबून उघडा. दोन फाकी होतात, आणि दाणे एकाच शिवणीला, एक या फाकीला तर पुढचा त्या फाकीला, असे लागलेले दिसतात. ही सबंध शेंग एकाच स्त्रीकेसरापासून झालेली असते. मध्ये पडदा नाही, दुसरा कप्पा नाही. ही रचना या कुळाची खूण. आता शेवग्याची शेंग घ्या. आपण तिला शेंग म्हणतो, आमटीत टाकतो, पण ती वाळली की तीन फाकी होतात. शेवगा या कुळातला नाही. मोहरीची शेंगही अशीच फसवी, तिच्यात मधोमध पातळ पडदा असतो. भेंडीचे तर पाच कप्पे. उलट भुईमूग जमिनीखाली लपून बसला तरी त्याचं टरफल दाबा, शिवणीवरच फुटतं. त्याचं पिवळं फूल जमिनीच्या वर येतं, फलधारणा झाली की तिथून आरी सुटते, मातीत घुसते आणि शेंग खाली पोसते. पत्ता बदलला म्हणून कुळ बदलत नाही.

एकच घडण, पण या कुळानं तिच्यावर किती कारागिरी केलीय पाहा. मुगाची शेंग वाळली की फाकी पिळवटून तडकतात आणि दाणे लांब उडतात. म्हणून मूग तोडायला दोन दिवस उशीर झाला की बायकांना मातीतून वेचावा लागतो. चिंच मुळीच तडकत नाही, तिनं दाण्याभोवती आंबट-गोड गर भरला. पळसाच्या चपट्या शेंगेत एकच बी, तेही टोकाला, बाकीची शेंग वाऱ्यावर तरंगायला. बाभळीच्या शेंगेला दोन दाण्यांच्या मध्ये आवळलेली कंबर असते, त्यामुळे ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. शेळी ती आवडीनं खाते, कठीण बी पोटातून सुखरूप बाहेर पडतं आणि लेंडीसकट नव्या जागी रुजतं. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झालं, क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. तिथली काळवीटंही शेंगा खातात आणि हेच काम करतात.

दुसरी खूण पानात आहे. या कुळातली बहुतेक पानं संयुक्त असतात आणि पानाच्या देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्या सांध्यातल्या पेशींत पाणी भरलं-ओसरलं की पान हलतं. लाजाळू हात लावताच मिटते ती याच सांध्यामुळे, आणि चिंच संध्याकाळी पानं मिटते तीही त्यानंच. तुरीची पानंसुद्धा रात्री वर उचललेली असतात; बॅटरी घेऊन रानात गेलात तर दिसेल.

आता फुलांकडे येऊ, कारण वर्गीकरणाचा सगळा इतिहास फुलांवर रचला आहे. फ्रान्सच्या आंत्वान लॉरां द ज्युस्यू यानं १७८९ मध्ये हे कुळ मांडलं. पुढे फुलांच्या तीन तऱ्हांवरून त्याचे तीन भाग पडले, आणि आमच्या पिढीनं तेच शिकवले: पलाश उपकुल, संकेश्वर उपकुल आणि शिरीष उपकुल. तीन फुलं तोडून आणली तर फरक एका मिनिटात कळतो.

पहिलं फूल तुरीचं. वर एक मोठी उभी पाकळी, तिला ध्वज म्हणतात. दोन बाजूंना दोन पंख. खाली दोन पाकळ्या चिकटून झालेली नौका, आणि पुंकेसर व स्त्रीकेसर त्या नौकेत झाकलेले. मधमाशी पंखांवर उतरली की तिच्या वजनानं नौका खाली दबते, पराग बाहेर येऊन तिच्या पोटाला लागतो. दहातला जो एक पुंकेसर सुटा असतो, त्याच्या बाजूनं मधाकडे जायला फट राहते. मुलं घोकत होती ते ‘नऊ आणि एक’ म्हणजे माशीसाठी ठेवलेली खिडकी आहे, हे फूल हातात आल्यावर त्यांना कळायचं. मूग, मटकी, वाटाणा, हरभरा, मेथी, भुईमूग, ताग, करंज, शिसव, सगळ्यांच्या पाकळ्यांची हीच घडण.

दुसरं तरवडाचं. घटस्थापनेला आमच्याकडे घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. मोहटादेवीच्या नवरात्राच्या सुमाराला माळ पिवळे झालेले असतात. पाच सुट्या पाकळ्या, नौका नाही, झाकपाक नाही. पुंकेसर मात्र लहान-मोठे असतात आणि परागकोश उभे न फाटता टोकाच्या छिद्रांतून उघडतात. काळा भुंगा येतो, पुंकेसरांना धरून अंगाची जोरात थरथर करतो, आणि पराग फवाऱ्यासारखा उडतो. तो आवाज कान दिला तर ऐकू येतो. या फुलाची कळी तुरीच्या कळीशेजारी धरा. तुरीत ध्वजाची पाकळी सगळ्यांच्या बाहेर, बाकीच्यांना कवेत घेणारी. तरवडात वरची पाकळी सगळ्यांच्या आत. पूर्वीचे वनस्पतिशास्त्रज्ञ या एवढ्याशा फरकावर उपकुळ ठरवत, आणि मला त्या नजरेचं अजूनही कौतुक वाटतं.

तिसरं बाभळीचं. आपण ज्याला फूल म्हणतो तो पिवळा गोळा म्हणजे कितीतरी बारीक फुलांचा झुबका. पाकळ्या नावापुरत्या, सगळा रंग पुंकेसरांच्या तंतूंचा. शिरीष, सुबाभूळ, लाजाळू यांचंही तसंच.

ही तीन खोल्यांची वाटणी दीर्घकाळ चालली आणि शिकवायला फार सोयीची होती. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या गटानं ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात ती मोडली. पानाच्या पेशींतल्या हरितलवकाच्या एका जनुकाचा क्रम शेकडो प्रजातींत तपासला, तर कोण कुणाला जवळचं हे फुलांवरून वाटत होतं तसं निघालं नाही. तिनाची सहा उपकुळं झाली. त्यातली दोन आपल्या कामाची नाहीत. एकात तर पश्चिम आफ्रिकेतली एकच वेल आहे. उरलेल्या चारांची वाटणी मात्र आपल्या बांधावरच पाहता येते.

आपटा आणि कांचन यांचं वेगळं उपकुळ झालं. दोघांची पानं टोकाला दुभंगलेली, हे आपण लहानपणापासून पाहतोय. दसऱ्याला नगरच्या बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात. जवळचे असले तरी ते दोन वेगळे आहेत. आपट्याचं पान जाड, लहान आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं. चिंच दुसऱ्या उपकुळात गेली, सीतेच्या अशोकाशेजारी. (सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो अशोक नव्हे. तो सीताफळाच्या कुळातला.) चिंचेचं फूल पाहिलंत तर ती वेगळी का निघाली ते पटेल: तांबड्या रेघांच्या तीन पिवळसर पाकळ्या, उरलेल्या दोन जवळजवळ नाहीशा झालेल्या, आणि कामाचे पुंकेसर फक्त तीन. या प्रजातीत चिंचेशिवाय दुसरी जात नाही. लिनियसनं १७५३ मध्ये तिला ‘इंडिका’ म्हणजे भारतातली असं नाव दिलं, पण मूळ आफ्रिकेतलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नगरच्या बाजार समितीत चिंचेचे ढीग लागतात, दक्षिणेकडचे व्यापारी माल उचलतात आणि चिंचोका कापडाच्या खळीसाठी जातो, तेव्हा ही बाई आफ्रिकेची असं कुणाला सांगून पटायचं नाही.

आणि सगळ्यात मोठा धक्का: तरवड, बहावा, गुलमोहर आणि बाभूळ एकाच उपकुळात आले. म्हणजे जिला आम्ही स्वतंत्र शिरीष उपकुळ म्हणून शिकवत होतो, ती संकेश्वर उपकुळातलीच एक शाखा ठरली. तूर-मुगाचं पलाश उपकुळ तेवढं जागच्या जागी राहिलं.

बाभळीवर याआधीच एक आपत्ती येऊन गेली होती. पुस्तकांत ती ‘अकेशिया निलोटिका’. अकेशिया ही प्रजाती ज्या नमुन्यावरून ठरली, ती जात खुद्द आपली बाभूळ. पण पुढे कळलं की जगातले अकेशिया एका घरचे नाहीत, त्यांचे गट पाडावे लागतील. नियमानं जुनं नाव बाभळीच्या गटाकडे राहायला हवं होतं. ऑस्ट्रेलियात मात्र अकेशियाच्या नऊशेहून अधिक जाती, आणि एवढ्या सगळ्यांची नावं बदलणं गैरसोयीचं, म्हणून नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियन जात घ्यावी असा प्रस्ताव आला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये विरोधात बहुमत पडलं, पण प्रस्ताव पाडायला ६० टक्के मतं लागत होती, ती जमली नाहीत. २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आता बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’, हिवर ‘व्हॅचेलिया ल्युकोफ्लोइया’ आणि खैर ‘सेनेगॅलिया’ झाला. निर्णय सोयीचा होता हे मान्य. न्यायाचा होता असं मला वाटत नाही. निदान फरक शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. बाभूळ-हिवराचे काटे सरळ, पांढरे, पानाच्या बुडाशी जोडीनं. खैराचे आखूड आणि वाकडे, सदरा धरून ठेवणारे. वेड्या बाभळीची तर २०२२ मध्ये शमीपासून ताटातूट झाली. ती अमेरिकेतून आलेली, आता ‘नेल्टुमा’. शमी मात्र ‘प्रोसोपिस’च राहिली.

नावं बदलली तरी काटा बोचायचा तसाच बोचतो, हे खरं. पण वर्गीकरण केवळ नावांची उठाठेव असतं तर मी त्यावर इतकं लिहिलं नसतं.

पळसाला पाने तीन, हे आपण कुठल्याही गावी सारखीच माणसं भेटतात या अर्थानं म्हणतो. तीच तीन पर्णिका मुगाच्या, उडदाच्या, मटकीच्या, चवळीच्या, तुरीच्या आणि वालाच्या पानाला आहेत. पांगाऱ्यालाही आहेत. हा योगायोग नाही. हे सगळे पलाश उपकुळातल्या एकाच गणातले, म्हणजे पोटगटातले. म्हणजे होळीच्या सुमाराला पेटणारा पळस हा बाभळीपेक्षा आपल्या मुगाला कितीतरी जवळचा. वाटाणा, मसूर आणि लाख यांचा दुसरा गण, पानाच्या टोकाला तणावे असणारा. मेथी आणि लसूणघास तिसऱ्यात. हरभरा मात्र एकटा, आपल्या स्वतंत्र गणात: पर्णिकांना दातेरी कडा आणि अंगभर आंबट रस पाझरणारी लव. थंडीत पहाटे हरभऱ्यावर पांढरं फडकं फिरवून दवाबरोबर ती आंब गोळा करतात आणि पोटदुखीवर देतात. दुसऱ्या कुठल्या कडधान्याची आंब काढल्याचं ऐकलंय का?

हे गण फुलांच्या वागण्यातही जाणवतात, आणि तिथून बियाण्याचा प्रश्न येतो. मूग, हरभरा, वाल यांचं फूल उमलण्याआधीच बहुधा आतल्या आत परागीभवन उरकतं. म्हणून या पिकांचं बियाणं घरी वर्षानुवर्षं राखलं तरी वाण बराच शुद्ध राहतो. तुरीच्या फुलाला माशा मोकळेपणानं भेट देतात. शेजारच्या रानात वेगळा वाण असेल तर बियाण्यात भेसळ होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी ‘बायफ’ संस्थेच्या साथीनं गावरान बियाण्यांची जी बँक उभी केली, तिच्यात वाल आणि घेवड्याचे वाण मोठ्या संख्येनं आहेत. बाईंनी शाळा पाहिलेली नाही. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कळसूबाईच्या पायथ्याच्या पावसाळी डोंगरउतारावर परसातल्या मांडवावर वालाचे इतके रंगाआकाराचे वाण टिकले, त्याला बायकांची चिकाटी हे पहिलं कारण. पण स्वतःचा पराग स्वतःच वापरणारं फूल त्यांच्या मदतीला होतं, हेही विसरू नये. चिंचेसारखाच वालही आपल्या प्रजातीत एकटा आहे.

आता मुळांकडे. मूग महिन्याभराचा झाला की एक रोप उपटू नका, खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट काढा आणि पाण्यात हळूच धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर गाठ कामाला लागली आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनाचा भाऊबंद त्यात असतो. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती जागा अडवलेली. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात देतात आणि बदल्यात साखर घेतात. जर्मनीत हेलरीगेल यानं १८८६ मध्ये हे सिद्ध केलं, दोन वर्षांनी नेदरलँड्समध्ये बायरिंक यानं गाठीतले जिवाणू वेगळे काढून दाखवले. बाजरीत तूर २:१ ओळींनी पेरण्याची शिफारस, उसाआधी हरभरा किंवा ताग घेण्याचा सल्ला, यामागे हेच आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलाय: शेंग येते म्हणजे गाठी असणारच. तसं नाही. चिंच, आपटा, कांचन, तरवड, बहावा, गुलमोहर यांच्या मुळांना गाठी नसतात. पलाश उपकुळात आणि बाभूळ-शिरीषाच्या शाखेतच त्या भरपूर सापडतात. २०१७ चं वर्गीकरण हातात घेतलं तर गाठी कुठे आहेत आणि कुठे नाहीत याचा नकाशाच मिळतो. जमीन सुधारायची म्हणून बांधावर गुलमोहर लावणाऱ्याला सावली मिळेल, फुलं मिळतील, नायट्रोजन नाही. त्यासाठी गिरिपुष्प किंवा शेवरी लावावी.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. बाभळीला गाठी आहेत, पण तो नायट्रोजन तिचा स्वतःचा. पाला पडून कुजेपर्यंत ज्वारीच्या वाट्याला येत नाही, आणि सावली व पाणी यांची ओढाताण मात्र लगेच सुरू होते. मुगाचंही तेच. जमवलेला बराचसा नायट्रोजन दाण्यात जातो आणि आपण तो खातो. म्हणून मूग-हरभरा मुळासकट उपटण्यापेक्षा विळ्यानं कापावा, मुळं रानातच कुजू द्यावीत.

आणि शेवटी कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या त्या जिवाणू खताच्या पाकिटाबद्दल. ‘रायझोबियम’ एवढंच वाचून ते घेऊ नका. गाठीचे जिवाणू बऱ्याच अंशी कुळातले गण ओळखतात. मूग, उडीद, मटकी, चवळी, तूर आणि भुईमूग यांना एका गटाचे चालतात. सोयाबीनला वेगळे, वाटाणा-मसुराला वेगळे, मेथी-लसूणघासाला वेगळे, आणि हरभऱ्याला तर फक्त त्याचेच. सोयाबीनचं उरलेलं पाकीट रब्बीत हरभऱ्याला चोळलं तर पैसे मातीत गेले म्हणून समजा. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदतीची तारीख वाचा, उन्हात ठेवलेलं घेऊ नका, आणि बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून सुकू द्या, जिवाणू खत पेरणीच्या अगदी तोंडावर सावलीत चोळा.